नकाशावरचा पोटखराबा

सातबाऱ्यावर पोटखराब्याचा एक रकाना असतो. गटाचं एकूण क्षेत्र किती, त्यातलं लागवडीलायक किती आणि उरलेला पोटखराबा किती, असा तो हिशेब. खडक, ओढा, नाल्याच्या काठची काटेरी झुडपं, मुरमाड टेकाड, जिथे नांगर चालत नाही ते सगळं या एका शब्दात जातं. इंग्रजांच्या जमाबंदीपासून तो चालत आला. त्यामागचा विचार सरळ होता: जिथे पीक येत नाही तिथे शेतसारा लावायचा नाही. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर यात न्यायच होता.

पुढे मात्र सारा ठरवण्यासाठी काढलेला शब्द जमिनीची किंमत ठरवू लागला. पीक नाही म्हणजे काहीच नाही, असा त्याचा अर्थ आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसला. तलाठ्याच्या दप्तरातून तो नगररचनेच्या नकाशात गेला आणि तिथून प्लॉट पाडणाऱ्यांच्या तोंडी आला. नाशिक जिल्ह्याचं नैसर्गिक धन, म्हणजे सडे (डोंगरमाथ्यावरचे सपाट कातळ), माळ, ओढे, कडे, पाणथळी, यातलं बरंचसं याच रकान्यात किंवा 'पडीक' आणि 'गायरान' या त्याच्या भावंडांत पडून आहे. ते वाचवायचं असेल तर नुसती अभयारण्यं जाहीर करून भागणार नाही. प्रादेशिक योजनेचा, म्हणजे अख्ख्या प्रदेशातली कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा, नकाशा काढताना पहिली रेघ या जमिनींभोवती ओढावी लागेल. रस्ते, वसाहती, उद्योग यांच्या रेघा त्यानंतर. आज नेमकं उलट होतं, आणि उरलेल्या कोपऱ्यात निसर्ग बसवला जातो.

गेल्या भाद्रपदात अंजनेरीच्या सड्यावर गेले होते. पायथ्याच्या गावातले एक बाबा सोबत होते. त्यांची जनावरं पावसाळाभर वर चरतात, त्यामुळे सड्यावरचा दगडन् दगड त्यांच्या ओळखीचा. धुकं इतकं दाट होतं की दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. चालता चालता बाबा थांबले. म्हणाले, "ताई, इथं पाय नका टाकू. खर्चुडी हाय." मला गवताशिवाय काही दिसेना. ते उकिडवे बसले, हाताने गवत अलगद बाजूला केलं, तेव्हा बारीक देठाचं एक छोटंसं रोप दिसलं आणि त्यावर कंदिलासारखं एक फूल. खाली नळी, वर पाकळ्यांची लांब टोकं.

खर्चुडीच्या कुळातल्या फुलांची रीत वेगळीच. चिलटाएवढी माशी वासाला भुलून नळीत उतरते. नळीच्या आतले केस खालच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तिला लगेच वर येता येत नाही. ती आत धडपडत राहते, तेवढ्यात परागांचे पुंजके तिच्या अंगाला चिकटतात. काही वेळाने केस मलूल पडतात आणि माशी सुटते. तीच माशी पुढच्या फुलात शिरली तर बी धरतं. म्हणजे एका फुलाच्या बीसाठी दुसरं फूल जवळपास हवं, माशी हवी, आणि माशी जिथे वाढते ती ओल आणि तो कुजका पालाही हवा. हे सारं उभं असतं कातळाच्या खळग्यात साचलेल्या बोटभर मातीवर.

अंजनेरीच्या या खर्चुडीचं शास्त्रीय वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. तिच्या नावातच अंजनेरी आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. बाबांना हे नाव ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते असं की लहानपणी पोरं तिचे कंद खणून खायची आणि तेव्हा ती आताच्यापेक्षा कितीतरी जास्त दिसायची.

अंजनेरीचा डोंगर २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. जेमतेम साडेपाच-पावणेसहा चौरस किलोमीटरचा तुकडा, पण निदान कागदावर त्याला संरक्षण आहे. त्र्यंबक रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशाच कातळाचे, अशाच पातळ मातीचे तुकडे खाजगी गटांमध्ये आहेत. त्यांच्यावर काय उगवतं ते कुठल्याही नकाशात सापडणार नाही. सातबाऱ्यावर तेवढा पोटखराबा लिहिलेला असतो. एका सकाळी जेसीबी येतो, मुरूम खरवडून प्लॉट सपाट करतो आणि संध्याकाळपर्यंत काम आटोपतं. काय गेलं याची नोंद व्हायलाही वेळ मिळत नाही.

नाशिकच्या आसपासच्या गावांत आता एक प्रश्न लहान पोरांच्याही तोंडी असतो: "जमीन यलोत आली का?" आराखड्यात रहिवासी विभाग पिवळा आणि शेती विभाग हिरवा रंगवतात. पिवळ्यात आलेल्या जमिनीचा भाव रातोरात चढतो, हिरव्यात राहिलेला शेजारी हळहळतो. त्याची हळहळ मला समजते, त्यावर पुढे येणारच आहे. पण आधी त्या हिरव्या रंगाबद्दल बोलायला हवं, कारण आपली सर्वांत मोठी फसगत तिथे होते.

नकाशावरचा हिरवा पट्टा पाहून वाटतं, चला, एवढा निसर्ग राखला. प्रत्यक्षात हिरवा म्हणजे शेती विभाग, आणि शेती विभागात काय काय चालतं याची यादी बरीच लांब आहे. २०२० साली जवळपास सगळ्या राज्याला लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार फार्महाऊस, सुट्टीसाठीची रिसॉर्ट, मंगल कार्यालयं आणि लॉन्स अशा कितीतरी गोष्टींना या विभागात वाट आहे. गावठाणालगतच्या जमिनीला अधिमूल्य भरून रहिवासी वापराचीही मुभा मिळू शकते. इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात, वैतरणेच्या अंगाला, गंगापूर धरणाच्या काठाने एक चक्कर मारा. नकाशावर हिरव्या असलेल्या जमिनीवर तारेची कुंपणं आणि कमानी दिसतील. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. पुढच्या दहा वर्षांत या पट्ट्यावर केवढा भार येईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

डोंगरांसाठी एक नियम आहे. एकास पाचपेक्षा जास्त उतार असेल तिथे बांधकाम नाही. नियम चांगला आहे आणि त्याने अनेक टेकड्या आजवर तारल्या. पण उतार हाच एकमेव निकष धरला तर डोंगरमाथ्यावरचा सडा सुटून जातो, कारण सडा सपाट असतो. मोजणीच्या भाषेत तो बांधायला उत्तम. आणि आमच्या भागातली सगळ्यात दुर्मीळ, फक्त इथेच जगणारी झाडं असतात ती नेमकी त्या सपाट कातळावर. शिवाय उतार कापता येतो. डोंगराची कड आधी पोखरून मुरूम उचलला की काही वर्षांनी तिथला उतार नियमात बसतो. ब्रह्मगिरीच्या परिसरातल्या आणि शहरालगतच्या डोंगरांवरच्या अशा खोदाईविरुद्ध २०२१ मध्ये नाशिककरांनी मोठं आंदोलन केलं. ते लोक वेळेवर उभे राहिले म्हणून काही ठिकाणची यंत्रं थांबली. पण प्रत्येक डोंगरासाठी प्रत्येक वेळी माणसांनीच जाऊन उभं राहायचं, ही काही व्यवस्था म्हणता येणार नाही.

जिल्ह्याच्या भूगोलाकडे जरा पाहू. मी शाळेत हा विषय शिकवते, त्यामुळे थोडी लांबण लागली तर सांभाळून घ्या. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून सरळ पूर्वेला येवल्यात उतरलो की तो ५००-६०० वर येतो. एका जिल्ह्यात, एसटीच्या अर्ध्या दिवसाच्या प्रवासात, सह्याद्रीचं निमसदाहरित रान संपून दख्खनचं गवताळ माळरान सुरू होतं. मधे गोदावरी, दारणा, कादवा यांची खोरी, द्राक्षबागा आणि ऊस. उत्तरेला सातमाळा, बागलाणचे डोंगर. जंगल, सडा, कडा, नदी, पाणथळ, माळ, सगळे अधिवास एका जिल्ह्यात. महाराष्ट्रात असे जिल्हे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील.

आपण यातले काही तुकडे राखले. बोरगड २००८ मध्ये राखीव झाला, राज्यातलं ते पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र. उघडा बोडका पडलेला डोंगर तुंगलदऱ्याच्या लोकांनी, वनखात्याने आणि शहरातल्या निसर्गप्रेमींनी राखून पुन्हा हिरवा केला. येवल्याचं ममदापूर २०१४ मध्ये काळविटांसाठी राखलं. नांदूरमधमेश्वरला २०१९ च्या तारखेने रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, तोही महाराष्ट्रात पहिलाच. या प्रत्येक कामामागे वर्षानुवर्षं खपलेली माणसं आहेत आणि त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे.

पण काळवीट राखीव क्षेत्राची हद्द वाचत नाही. उन्हाळ्यात माळावरचं पाणी आटलं की कळप कांद्याच्या शेतांत शिरतात, रस्ता ओलांडताना गाडीखाली येतात, बिनकठड्याच्या विहिरीत पडतात. विहिरीला कठडा बांधा, पाणवठे करा, हे वनखातं करू शकतं. दोन माळांच्या मधल्या गायरानावर काय उभं राहणार, हे मात्र वनखात्याच्या हातात नाही. गिधाडांचंही तसंच. अंजनेरीच्या कड्यावर ती घरटी करतात, पण खायला मिळेल तिथे जातात. हरसूलकडे खोरीपाड्याला गावकरी आणि वनखातं मिळून मेलेली जनावरं त्यांच्यासाठी ठेवतात, तिथे ती उतरतात. दिवसाला शंभरेक किलोमीटर फिरणाऱ्या पक्ष्याला साडेपाच चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र कसं पुरणार? बिबट्या तर निफाड-दिंडोरीच्या उसात जन्मतो, तिथेच वाढतो. त्याने जंगल सोडलं असं आपण म्हणतो. त्याच्या कित्येक पिढ्यांनी जंगल पाहिलेलंसुद्धा नसेल.

कायद्यानुसार संवर्धन राखीव क्षेत्र सरकारी मालकीच्या जमिनीवरच जाहीर होतं. मग दोन राखीव तुकड्यांच्या मधली खाजगी जमीन, गायरान, ओढ्याचा काठ यांचं भवितव्य कोण ठरवतं? नगररचना विभाग ठरवतो, प्रादेशिक योजना आणि विकास आराखड्यातून. म्हणून हा विषय प्राणीप्रेमाचा आहे तेवढाच जमिनीच्या वापराचाही आहे असं मी म्हणते, आणि म्हणूनच तो पक्षीनिरीक्षकांवर सोडून देता येत नाही.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं गोदावरीवर. ब्रह्मगिरीवर ती उगम पावते. खाली उतरली की त्र्यंबक गाव, गंगापूर धरण, मग नाशिक शहर. रामकुंड परिसरातल्या कुंडांचा तळ कुंभमेळ्याच्या सोयीसाठी काँक्रीटने बंद केला गेला, आतले झरे दबले. काँक्रीट काढा म्हणून नाशिककरांना कोर्टाची पायरी चढावी लागली. शहरात नासर्डी आणि वाघाडी तिला मिळतात. नासर्डीचं जुनं-नवं नाव नंदिनी. तिच्यातून आज काय वाहतं ते नाशिककराला सांगायला नको. सप्टेंबर २००८ च्या पुरात गोदावरी सराफ बाजारापर्यंत आली. त्यानंतर निळ्या आणि लाल पूररेषा आखल्या गेल्या. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. तेव्हापासून त्या रेषा मागे सरकवाव्यात ही मागणी काही थांबलेली नाही.

शहराचं सांडपाणी पोटात घेऊन नदी पुढे निफाडात जाते. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ ब्रिटिशकाळातला दगडी बंधारा आहे, त्याच्या फुगवट्यात गाळ साचत साचत नांदूरमधमेश्वरची पाणथळ तयार झाली. रामसरच्या यादीत १४३७ हेक्टर. हिवाळ्यात पहाटे चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहिलं की आधी आवाज ऐकू येतो आणि मग उजाडतं. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, आणि नशीब असेल तर दूरवर क्रौंचांची रांग.

गेल्या हिवाळ्यात गेले तेव्हा मनोऱ्याच्या समोरचं पाणी दिसत नव्हतं. जलपर्णी. पानावर पान, मध्ये फिक्या जांभळ्या फुलांचे तुरे, दिसायला देखणी. जांभळ्या पाणकोंबड्या तिच्यावरून लांब बोटं टाकत ऐटीत चालत होत्या, त्यांची तर सोयच झाली होती. बदकं मात्र दूर, जिथे थोडं उघडं पाणी उरलं होतं तिथे दाटीवाटीने बसलेली. एका तरुण वाटाड्याने बांबूने जलपर्णीचा एक गड्डा ओढून दाखवला. खाली हातभर लांब काळी मुळं आणि त्यांना चिकटलेला गाळ. वास ओळखीचा होता, नासर्डीच्या पुलावर येतो तोच. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, हे इथलं नाही. तुमच्याकडून आलंय."

त्याचं म्हणणं खरं होतं. जलपर्णी वाढते ती सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. नांदूरला कितीही मजूर लावून ती काढली तरी पुढच्या पुरात वरून नवी येणार. अभयारण्याच्या अधिकाऱ्याला नाशिकच्या मलनिस्सारण केंद्रांवर अधिकार नाही, महापालिकेच्या आराखड्यात नांदूर नाही, आणि त्र्यंबकच्या डोंगरावर कुणी मुरूम उचलला तर गाळ येऊन साचतो तो गंगापूर धरणात. उगमापासून बंधाऱ्यापर्यंतची अख्खी नदी एका कागदावर बघू शकेल असा एकच दस्तऐवज आपल्या कायद्यात आहे, आणि तो म्हणजे प्रादेशिक योजना.

बरं, कायद्यात तरतूद नाही असंही नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याच्या १४ व्या कलमात प्रादेशिक योजनेने कशाकशाचा विचार करावा ते सांगितलं आहे. निसर्गसौंदर्याचे प्रदेश, वनं, वन्यजीव, नैसर्गिक साधनसंपत्ती यांचं जतन त्यात आहे, जमिनीची धूप रोखणंही आहे. त्या काळात 'जैवविविधता' हा शब्दसुद्धा रूढ नव्हता, तरी कायदा करणाऱ्यांना हे सुचलं होतं. फक्त शब्दरचना अशी की गरजेप्रमाणे यांतल्या सगळ्या किंवा काही बाबींसाठी तरतूद करायची. गरज कुणी ठरवायची? आजवर ती रस्त्याची, उद्योगाची, रहिवासाची ठरत आली.

योजना एकदा मंजूर झाली म्हणजे ती टिकते असंही नाही. कलम २० खाली प्रादेशिक योजनेत आणि ३७ खाली विकास आराखड्यात फेरबदल करता येतात. कधी ते खरंच गरजेचे असतात. पण एकेका गटाचा फेरबदल वेगवेगळा पाहिला की प्रत्येक वेळी वाटतं, एवढ्याशा दोन एकरांनी काय बिघडणार? अशा दोन-दोन एकरांची बेरीज कुणी मांडत नाही. माझी पहिली मागणी हीच आहे: शेती विभागातून रहिवास किंवा व्यापारी वापरात गेलेलं क्षेत्र, तालुकावार, दर वर्षी एका नकाशावर दाखवून लोकांसमोर ठेवा. माहिती सरकारकडेच असते, नुसती जोडायची आहे.

माझ्या स्वतःच्या अनुभवाचं सांगते. काही वर्षांपूर्वी एका आराखड्यावर मी हरकत घेतली होती. लहानपणी आम्ही ज्या ओढ्यात खेकडे धरायचो तो ओढा नकाशावर नव्हता, त्याच्या जागी सरळ रेषेत रस्ता होता. जुना गावनकाशा, फोटो, सगळं जोडलं होतं. सुनावणीला बोलावलं, दोन-तीन मिनिटं मिळाली. समोरच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमची जमीन बाधित होते का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. त्यांचा मला राग आला नाही. समोर ताटकळत बसलेले शे-दोनशे लोक आपापली जमीन वाचवायला किंवा यलोत घालायला आले होते, आणि व्यवस्थेला तेवढाच प्रश्न विचारता येत होता. ओढ्याच्या वतीने बोलणारा माणूस कोणत्या रकान्यात बसवायचा, हे तिला माहीत नव्हतं.

आज त्या रस्त्यावर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं.

आता त्या हळहळणाऱ्या शेतकऱ्याकडे येऊ. पर्यावरणावर लिहिणारे आपण शहरातले लोक त्याला फार सहज स्वार्थी ठरवतो. त्र्यंबक रस्त्यावरच्या एखाद्या महादेव कोळी कुटुंबाच्या पाच एकरांत तीन एकर कातळ. नागली-वरईवर वर्ष निघत नाही. शेजारच्या गटाला कोटींचा भाव आला. आणि आपण त्याला सांगायचं की तुझ्या कातळावर दुर्मीळ झाड आहे, तेव्हा तू विकू नकोस, बांधू नकोस, तसाच राहा. शहराला पाणी हवं, हवा हवी, रविवारी चढायला डोंगर हवा, आणि त्याची किंमत त्याने एकट्याने द्यायची. हे मला पटत नाही. आणि ज्या धोरणाचा सगळा भार एकाच माणसावर पडतो ते टिकतही नाही.

पश्चिम घाटाच्या बाबतीत हेच झालं. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. काय राखायचं, काय चालू द्यायचं हे ग्रामसभांशी बोलून ठरवावं, असा त्याचा गाभा होता. तो अहवाल गावांपर्यंत त्यांच्या भाषेत पोचलाच नाही. पोचली ती भीती, की आता घरावर कौलं घालायलाही परवानगी लागणार. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने संवेदनशील क्षेत्र कमी केलं. तेव्हापासून प्रारूप अधिसूचना निघतात, मुदत संपते, नवी निघते. सहावी ३१ जुलै २०२४ ला निघाली. दहा वर्षांहून जास्त काळ आपल्या पश्चिम तालुक्यांतली गावं यादीत आहेत की नाहीत या टांगणीवर आहेत. या टांगणीचा फायदा ना झाडाला झाला ना गावाला. बंदी येणार या धास्तीने घाईघाईत जमिनी विकल्या गेल्या, असं मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे.

पुण्याचं उदाहरणही डोळ्यांसमोर ठेवायला हवं. शहरात सामील झालेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं. नागरिकांनी त्यासाठी मोठी लढाई दिली होती. २०१५ मध्ये मोबदला ठरला तो ८ टक्के टीडीआर, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क. जमीनमालकांना तो मान्य नव्हता, पुष्कळशी जमीन ताब्यातच आली नाही आणि टेकड्यांवर अतिक्रमणं होत राहिली. आरक्षणाचा रंग नकाशावर राहिला.

म्हणून नाशिकने एकरकमी टीडीआरच्या मागे न लागता दुसरी वाट धरावी असं माझं मत आहे. आपलं पिण्याचं पाणी गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांतून येतं. ते पाणी डोंगर आणि सडे धरून ठेवतात आणि वर्षभर थोडं थोडं सोडतात. महापालिकेच्या पाणीपट्टीतला ठरलेला हिस्सा दर वर्षी पाणलोटातल्या ग्रामसभांकडे जावा. अट एकच, आराखड्यात खूण केलेले सडे, ओढे, कडे शाबूत असले पाहिजेत. ज्याच्या गटातला कातळ राखला जातो त्याला त्यातला वाटा थेट मिळावा, जमीन त्याच्याच नावावर राहून. द्राक्षबागाईतदार, वायनरी, रिसॉर्ट, कारखाने, सगळेच या पाण्यावर उभे आहेत. त्यांच्या पाणीदरातही हा हिस्सा धरता येईल. रक्कम किती असावी यावर वाद होतील, ते व्हायलाच हवेत. पण 'तुझा पोटखराबा आम्हाला पाणी देतो, त्याचे हे पैसे' एवढं एकदा व्यवहारात आलं की त्या रकान्याकडे बघण्याची नजर गावात आपोआप बदलेल. बोरगडला तुंगलदऱ्याच्या लोकांनी चराई आणि तोड आवरली ती कुणाच्या उपदेशाने नव्हे. डोंगर आपला आहे, त्याचं पाणी आपल्याकडे येतं, हे त्यांना दिसत होतं.

गावपातळीवर यासाठी साधनही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आली. बहुतेक ठिकाणी या वह्या मुदतीत पुऱ्या करायच्या म्हणून पुऱ्या केल्या गेल्या; एका गावची यादी दुसऱ्या गावात जशीच्या तशी सापडते. तरी कल्पना सोन्यासारखी आहे. फक्त या वहीत प्राण्या-झाडांच्या नावांशेजारी गट नंबर हवा. खर्चुडी कोणत्या गटात, पाझर कोणत्या गटात, गिधाडाचा कडा कोणत्या गटाच्या वर. असं झालं तर ती वही नगररचना कार्यालयात टेबलावर ठेवता येईल आणि नकाशावर उतरवता येईल. अंजनेरीच्या त्या बाबांसारखी माणसं हे काम चार दिवसांत करून देतील. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या तालुक्यांत ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे, तिथून सुरुवात सोपी जाईल.

महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१७ पासून नाशिकभोवतालच्या गावांसाठी आहे. २०२७ चा कुंभमेळा तोंडावर आला आहे आणि त्याच्या नावाखाली रस्ते, पूल, घाट यांची कामं वेगात चालू आहेत. साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा विषय २०२५ च्या अखेरीस आला तेव्हा शहर ज्या तळमळीने उभं राहिलं ते पाहून मन भरून आलं. शाळेतली मुलं, आजी-आजोबा, झाडांना मिठ्या मारून उभे. पण त्या वादात एक वाक्य वारंवार ऐकू आलं, एका झाडाच्या बदल्यात दहा लावू. कुठे लावणार? कुठल्यातरी 'मोकळ्या' माळावर, गायरानावर, सड्यावर. माळरानावर खड्डे खणून गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली की काळविटाचं गवत जातं, धाविक पक्ष्याची अंडी घालायची जागा जाते. माळ मोकळा नसतो, तो गवताने भरलेला असतो. नुकसानभरपाईची झाडं कुठे लावायची नाहीत, हेसुद्धा प्रादेशिक योजनेतच ठरायला हवं.

ब्रह्मगिरी-अंजनेरी रोपवेचा प्रस्तावही असाच. वृद्ध भाविकांची सोय हा मुद्दा खोटा नाही, माझ्या आईला मीही वर नेऊ शकले नाही. पण गिधाडांच्या कड्यावर तारा आणि खर्चुडीच्या सड्यावर स्थानक उभारण्याचा निर्णय पर्यटनाच्या फायलीवर व्हावा की या सगळ्या डोंगररांगेचा एकत्र विचार करणाऱ्या योजनेत? माझ्या मते योजनेत, आणि तिथे उत्तर 'नाही' असंच यायला हवं. त्र्यंबकला रुंद रस्ता आहे, मंदिर आहे, कुशावर्त आहे. श्रद्धेला ब्रह्मगिरी तसाच उभा असणं पुरतं.

त्या जुन्या हरकतीनंतर मी आणि माझे काही माजी विद्यार्थी एक काम करतो आहोत. शहरालगतची गावं घ्यायची, जुना गावनकाशा काढायचा, गावातली जाणती माणसं सोबत घ्यायची आणि पावसाळ्यात चालत जाऊन प्रत्येक ओढा, पाझर आणि कातळ गट नंबरासह टिपायचा. पुढच्या आराखड्यावर हरकती मागवल्या जातील तेव्हा ही वही जोडलेली असेल, खाली ग्रामसभेचा ठराव असेल आणि बाधित जमिनीचा गट नंबर विचारला तर तोही सांगता येईल. अंजनेरीच्या पायथ्याचे बाबा आषाढात येतो म्हणाले आहेत. त्यांनी फक्त एक अट घातली: कंद कुठे आहेत ते वहीत लिहायचं, पण कुणाला दाखवायला न्यायचं नाही.